लांडग्याने सोडलेली मेंढी

शेळगावच्या माळावर लांडगा आला, की रावजीची मेंढरं कुत्र्यांकडे बघत नसत, सरुबाईकडे बघत. असं स्वतः रावजीच सांगायचा. यात बायकोचं कौतुक किती आणि कुत्र्यांबद्दलची तक्रार किती, ते मात्र तो उघड करत नसे. सरुबाई अंगाने काटकुळी होती. आवाज असा, की तिने ओघळाच्या या काठावरून हाळी दिली तर पलीकडच्या काठावरचा माणूस, आपला काही संबंध नसला तरी, उभा राहायचा.

लांडग्याबद्दल तिची मतं पक्की होती आणि ती सांगायला कुणी विचारण्याची वाट ती बघत नसे. "लांडगं चोर न्हाय, वाटेकरी हाय," ती म्हणायची. "दिराला जमिनीत वाटा दिला, त्यापरीस ह्यो बरा. कोर्टात तर जात न्हाय."

हा वाटेकरी येतो कसा, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. जोडीतला एक जण उजाड बांधावर उगाचच दिसेल असा उभा राहतो. कुत्री भुंकत त्याच्यावर जातात, राखणारा त्यांच्या मागे धावतो. तेवढ्यात दुसरा वाऱ्याच्या उलट अंगाने, सरीतून पोट घासत येतो, कोकराची मान धरतो आणि निघतो. वाटेत दगड मारा, शिव्या द्या, देवाचं नाव घ्या. धरलेलं तो सोडत नाही. शेजारच्या कळपाचे राखणे अशा वेळी मैलभर पाठलाग करून मेलेलं कोकरू हिसकावून आणत आणि त्याचं कालवण करत. सरुबाईला हा शुद्ध गाढवपणा वाटे. उपाशी गेलेला लांडगा संध्याकाळी पुन्हा येतो आणि दुसरं नेतो. म्हणजे कालवण एक आणि कोकरं दोन.

त्या जोडीचं बीळही तिला ठाऊक होतं. वनखात्याच्या हद्दीतल्या ओघळात, बोरीच्या जाळीखाली. पौष सरला की ती मेंढरं त्या अंगाला नेत नसे. का, ते विचारलं तर "तिकडं कुसळं लई" असं सांगायची. हे बीळ तिने रावजीलाही दाखवलं नव्हतं. रावजीला सांगणं आणि स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पाटी लावणं, यात तिला फारसा फरक दिसत नव्हता.

रावजीच्या घराण्यात मात्र लांडग्याशी संबंधित एक वेगळी रीत होती. लांडग्याच्या तोंडातून जिवंत सुटलेलं मेंढरू हे देवाचं. त्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायचा, गळ्यात पितळी घुंगरू बांधायचं. मग ते विकायचं नाही, कापायचं नाही, कुणी त्याच्यावर हात उगारायचा नाही, आणि आजारी पडलं तर माणसासारखं करायचं. रावजीच्या वडलांच्या वेळी अशी एक मेंढी झाली होती. ती म्हातारी होऊन मेली तोवर कळप दुप्पट झाला. त्याच सुमाराला कालव्याचं पाणी वाढलं आणि उसाच्या वाढ्यांनी चाऱ्याचा प्रश्न मिटला, पण कालव्याला कुणी भंडारा लावला नाही.

शहाण्णव सालच्या फाल्गुनात कळप आप्पासाहेबांच्या रानात बसवलेला होता. आप्पासाहेब म्हणजे शेळगावचा बागायतदार. वांगी, टोमॅटो आणि थोडी डाळिंबं. खतासाठी तो दर वर्षी रावजीचीच मेंढरं आपल्या मोकळ्या रानात बसवून घेई. त्या बदल्यात धान्य मिळे, विहिरीचं पाणी मिळे आणि उन्हाळाभर हक्काची जागा राहत असे.

दुपार टळत होती. मेंढरं जाळीच्या कुंपणात डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी होती. सरुबाई चुलीवरची भाकरी उलथत होती. कुत्र्यांचा आवाज बदलला म्हणून तिने मान वर केली.

लांडगा समोरून येत होता. सरीतून नाही, आडून नाही. आप्पासाहेबांच्या गाडीवाटेच्या मधोमध, वसुलीला आल्यासारखा. वारा त्याच्या पाठीवरून कळपाकडे वाहत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. शेपूट खाली लोंबत होतं. एरवी लांडगा दिसला की अंगावर जाणारी दोन्ही कुत्री, भुंकत भुंकत, मागे सरकत होती. अगदी सरुबाईच्या लुगड्यापर्यंत मागे सरकली.

ती ओरडली. लांडग्याने बघितलंसुद्धा नाही.

तो आधी कुंपणाच्या खुंटाला चावला. लाकडाच्या खुंटाला, कडकडून. मग जाळीतून तोंड घालून पुढच्याच मेंढीचा जबडा धरला. मेंढरं एका अंगाला कोसळली, जाळी तुटली, रावजी कुऱ्हाड घेऊन धावला. तो पोचायच्या आत लांडग्याने मेंढी सोडली. कुणी हिसकावली नाही, कुणी मारलं नाही; नुसती सोडली. आणि डोकं खाली घालून, जरा तिरका तिरका, वालचंदनगरच्या सडकेकडे चालू लागला.

सडकेवर त्याने कामावर निघालेल्या एका माणसाच्या सायकलचा टायर चावला. तो माणूस सायकल टाकून उसाच्या बैलगाडीवर चढला. पहिल्या तासात त्याच्या सांगण्यात एक लांडगा होता. संध्याकाळी गावात बातमी पोचली तेव्हा ते पाच झाले होते. लांडगा पुढे उसात शिरला. नंतर तो कुणाला दिसला नाही, जिवंत किंवा मेलेला.

इकडे रावजीच्या डोळ्यांत पाणी होतं. मेंढीच्या नाकपुडीजवळ दोन भोकं पडली होती, रक्त ओघळत होतं, पण ती उभी होती. त्याने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि तिच्या कपाळाला लावला.

"देवाची झाली," तो म्हणाला. "बा गेल्यापासनं पयलीच. अगं, बघतीस काय? हात जोड."

सरुबाईने हात जोडले. पण नजर खुंटावर होती. खुंटावर दातांचे वळ होते आणि त्यावर फेसाची तार लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी संघपाल आला. हा कन्हेरीचा, पशुसंवर्धन खात्यात नोकरीला. त्याच्या आज्याने छप्पन साली बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती आणि घरात देव उरले नव्हते. नातवाच्या वाट्याला मात्र तालुकाभरचे देव आले, कारण आजारी जनावराच्या गळ्यात कुठला ना कुठला गंडा असायचाच. तो पदाने डॉक्टर नव्हता, पण मेंढरांची नस ओळखणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्याने जखम साबणाच्या पाण्याने धुतली, खुंट पाहिला, सायकलवाल्याची गोष्ट ऐकली.

"तात्या," तो रावजीला म्हणाला, "ह्यो लांडगा पिसाळलेला व्हता. ही मेंढी येगळी बांधा, लांब. तिच्या तोंडाला हात लावू नका. काय बदल दिसला की मला सांगावा धाडा."

"डाक्टर, पिसाळतंय ते कुत्रं."

"लांडगं बी पिसाळतंय. कुत्र्याचाच भाऊ हाय त्यो."

"आसंल. पर ही देवाची हाय. देवाच्या मेंढीला काय हुतंय?"

 इथे काहीही बोललं तरी पुढचं वाक्य काय येणार, हे संघपालला शाळेपासून ठाऊक होतं. ते आलंच.

"तुमाला आमचा देव काय कळायचा," रावजी म्हणाला.

"देव न्हाय कळत तात्या, पर लाळ कळती," संघपाल म्हणाला आणि सरुबाईकडे वळला. "मावशी, तुमी तरी ध्यान ठेवा."

सरुबाई मान हलवून चुलीकडे गेली. मेंढी वेगळी बांधली गेली खरी, पण एवढ्याचसाठी की देवाच्या मेंढीला सावलीची जागा हवी. गळ्यात घुंगरू आलं. लांडग्याने सोडलेली मेंढी म्हणून गावातल्या बायका कुंकू घेऊन येऊ लागल्या.

गावातल्या पुरुषांचा विचार वेगळ्या दिशेने चालला होता. बीळ शोधायचं, तोंडाशी सुक्या मिरच्यांचा धूर करायचा आणि वर काटेरी फांद्या कोंबून दगड रचायचे. पिल्लं आत, बाहेर आली तर काठ्या. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या रानात बायका दिवसभर वांगी तोडत आणि त्यांची मुलं बांधावर निजत. त्याला झोप लागत नव्हती, आणि ज्याला झोप लागत नाही तो माणूस काहीतरी करून बघतोच.

"सरुवैनी," तो येऊन म्हणाला, "बीळ तुमालाच ठावं आसनार. समदा माळ तुमच्या पायाखालचा."

"मला कुठलं ठावं? म्या मेंढरं राखती, लांडगी न्हाय."

"तसं आसंल तर ठीक. पर पुढल्या साली रानात मेंढरं बसवायची का न्हाय, त्ये बी बघावं लागंल. उद्या कुणाचं पोर उचललं तर लोक मलाच इचारनार, धनगर तुझ्या रानात, लांडगं तुझ्या रानात."

हे त्याने प्रेमानेच सांगितलं.

संघपालने पारावर जाऊन सांगून पाहिलं. पिसाळलेल्या जनावराला बीळ नाही, जोडी नाही, पिल्लं नाहीत. बिळातले लांडगे मारून तो आजार मरत नाही. माणूस दिसला की पळतो तो लांडगा निरोगी. जो पळत नाही त्याला भ्या. बिळातली जोडी तर दोन वर्षांत कुणाच्या अंगावर आली नाही. लोकांनी ऐकून घेतलं. मग कुणीतरी रावजीला विचारलं, "काय रावजीआबा, पिसाळलेलं व्हतं का?"

रावजी उभा राहिला. "पिसाळलेलं आस्तं तर माझी मेंढी देवाची कशी झाली?"

हा मुद्दा बिनतोड होता. पाराला पटला.

त्या दिवसापासून सरुबाई एकच हिशेब मनात घालत राहिली. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. जोडीतला लांडगा खुंट चावत नाही, वाऱ्याकडे पाठ करून येत नाही, धरलेलं सोडत नाही. हे पारावर सांगितलं तर बीळ वाचेल. पण मग ती मेंढी देवाची नाही, रोगाची. रावजीने वडलांनंतर पहिल्यांदा लावलेला भंडारा खोटा, आणि तो चारचौघांत खोटा करणारी त्याचीच बायको. नाही सांगितलं तर मेंढी देवाची राहील आणि बोरीच्या जाळीखाली मिरच्या जळतील. तिने बीळही दाखवलं नाही आणि पाहिलेलंही सांगितलं नाही.  गावात याला समजूतदारपणा म्हणतात.

काम लगेच झालं नाही. आधी गावची जत्रा आली. मग वनरक्षक येऊन बजावून गेला की लांडगा मारणं गुन्हा आहे, तुरुंगात जाल. गावाने त्याला चहा दिला, मान डोलावली आणि तो दुसऱ्या हद्दीत कधी जातो याची चौकशी केली. मधल्या काळात शेजारच्या कळपातून एक कोकरू गेलं; सरीतून, वाऱ्याच्या उलट, रीतसर. सरुबाईच्या दृष्टीने ती जोडी आपल्या जागी धड असल्याची खूण होती. पारावर ती बातमी 'परत आलं' अशी पोचली, आणि दिवस ठरला.

आदल्या दिवशी मेंढीने पाणी पिणं सोडलं. सरुबाईने तिचं चिकट तोंड हाताने पुसलं आणि पुसल्यावर हाताकडे बघत राहिली. मग हात राखेने घासून घासून धुतला. त्या बोटांवर जळणासाठी तोडलेल्या काटेरी फांद्यांचे ताजे ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती. मेंढीचा आवाज आला. तो मेंढीचा आवाज नव्हता. घोगरा, ओढलेला, रिकाम्या डब्यात दगड फिरवावा तसा. ती भरभर चालू लागली. बाभळीखाली रावजी गुडघे टेकून बसला होता. मेंढी मान ताणून, तोंड उघडं टाकून उभी होती, लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती. रावजीचा डावा हात तिच्या जबड्यावर होता आणि उजवा तिच्या घशात, मनगटापर्यंत.

"हात काडा!"

घागर पडली. रावजीने वळून पाहिलं. मेंढीने तेवढ्यात जबडा मिटला.

"काटा अडकलाय," तो हात ओढून काढत म्हणाला. "बाभळीचा आसंल. सापडंना." बोटांच्या पेरांवर रक्त आलं होतं. मेंढी मागे सरली आणि जिला आयुष्यात कधी शिंग नव्हतं ती बाभळीच्या बुंध्याला डोकं आपटू लागली. प्रत्येक धडकेला घुंगरू वाजत होतं.

नेमकी त्याच वेळी माणसं आली. पुढे आप्पासाहेब, मागे काठ्या, काटेरी फांद्यांची भारी आणि मिरच्यांची पोती. संघपाल त्यांच्या मागोमाग स्कूटरवर. तो त्यांना थांबवायला निघाला होता आणि वाटेत कुणी थांबलं नव्हतं.

"वैनी, चला," आप्पासाहेब म्हणाला. "आता कुसळांचं सांगू नगा." मग त्याची नजर बाभळीकडे गेली. "हिला काय झालं?"

"काटा," रावजी म्हणाला.

 मेंढीने पुन्हा बुंध्याला धडक दिली. सरुबाईने रावजीचा हात धरला, त्याला ओढत हौदापाशी नेलं आणि कपड्याच्या साबणाची वडी घेऊन तो हात घासू लागली. घासता घासता, मान वर न करता, बोलू लागली. तिला हळू बोलता येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"त्यानं सोडली व्हती. तुमी कुऱ्हाड घिऊन पोचला बी न्हवता, आन् त्यानं सोडली. लांडगं सोडतंय का? सांगा की. जलमभर मेंढरं राखली, एकदा तरी सोडलंय का?"

"अगं, तोंड आवर. माणसं हाईत."

"आसू द्यात. खुंट चावला त्यानं. लाकूड खातंय का लांडगं? माझी कुत्री माझ्याच लुगड्याआड लपली. म्या तवाच वळखलं. बोलली न्हाय, ही माझी चूक. ही देवाची न्हाय. त्यो लांडगा रोगाचा व्हता, ही बी रोगाची हाय."

"मग माझ्या बापाची ती?"

"ती व्हती देवाची. म्या कुठं न्हाय म्हनती?"

संघपाल पुढे आला. "तात्या, आजच इंदापूरला दवाखान्यात जायचं. पोटातली इंजेक्शनं. उशीर चालायचा न्हाय. आता हुतंय बरं. एकदा रोग उठला की मग डाक्टर न्हाय आन् देव बी न्हाय."

रावजीने हात सोडवून घेतला. तो घाबरला होता. ओठ पांढरे पडले होते. पण समोर सगळं गाव उभं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला अशा वेळी पहिल्यांदा आठवते ती अब्रू.

"म्या न्हाय येनार. इंजेक्शन घ्येतलं म्हंजी म्या माझ्या हातानं देव खोटा क्येला. काटाच हाय तो. काय व्हायचं ते हुईल."

"आबा, हट नका करू," आप्पासाहेबसुद्धा म्हणाला.

"न्हाय म्हनलं न्हवं!"

 सरुबाईने पुढे होऊन त्याच्या कमरेची पिशवी ओढली, बोटं आत घातली आणि सगळ्या गावादेखत त्याच्या कपाळावर भंडारा फासला. एवढा, की तो भुवयांवर आला.

"ह्ये काय?" रावजी म्हणाला.

"लांडग्याच्या तोंडात व्हता तुमचा हात. तोंड मेंढीचं, पर रोग त्याचाच, लाळ त्याचीच. सुटलाय का न्हाय, ते अजून ठरायचंय. सुटला तर तुमी देवाचं. आन् तुमच्याच घरची रीत हाय: देवाच्या जनावराला मरू द्यायचं न्हाय, आजारी पडलं तर माणसासारखं करायचं." तिने दम घेतला. "आन् देवाच्या जनावराला कुणी इचारत न्हाय, तुला यायचंय का म्हनून. ओढून नेत्यात. डाक्टर, गाडी चालू करा."

मिरच्यांच्या पोत्यामागे कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. रावजीने बायकोकडे पाहिलं, संघपालकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. घुंगरू वाजतच होतं. मग तो स्कूटरवर मागे बसला. पिवळं कपाळ, साबणाने पांढरा झालेला हात अंगापासून लांब धरलेला. स्कूटर गाडीवाटेने गेली.

आप्पासाहेब बराच वेळ बाभळीपासून अंतर राखून उभा होता.

"वैनी," त्याने विचारलं, "त्या दिवशी ते माझ्या वाटंनंच आलं न्हवं? माझी कुत्री मोकळीच आसत्यात."

"ती बांधा आधी," सरुबाई म्हणाली. "बिळाचं मागनं बघू."

माणसं आपापल्या कुत्र्यांची आठवण होऊन घाईघाईने पांगली. मिरच्या घरी परत गेल्या. त्या उन्हाळ्यात शेळगावची कालवणं जरा तिखटच होती, असं म्हणतात.

दुपारी तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले. मेंढीला शेवटचं इंजेक्शन दिलं, खोल खड्डा खणला, चुना टाकला. सरुबाईने घुंगरू काढू दिलं नाही. ते तिच्याबरोबरच पुरलं. मग पदर खोचून एसटी पकडली आणि इंदापूरच्या दवाखान्यात जाऊन, राख चोळलेला आपला हात पुढे केला.

त्या काळी ही इंजेक्शनं बेंबीभोवती घेत आणि चौदा घेत. रावजीने त्यातल्या प्रत्येकाचा इतिहास गावाला ऐकवला. पोट कसं सुजलं, सुई केवढी होती, नर्सने काय विचारलं. सरुबाईने तेवढीच घेतली. तिला कुणी विचारलं नाही, आणि दवाखान्यातून आल्यावर मेंढरांना पाणी पाजायचं असल्यामुळे तिलाही सांगायला सवड झाली नाही. फक्त पहिले काही महिने ती रोज सकाळी तांब्या भरून रावजीच्या हातात द्यायची आणि तो पाणी घशाखाली उतरवेपर्यंत समोरून हलायची नाही.

"बघतीस काय?" तो विचारायचा.

"काय न्हाय. प्या."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. रावजी पाणी पीत राहिला. आपण सुटलो हे नक्की झाल्यावर त्याने देवाचं जनावर असल्याचा पुरेपूर फायदा घेतला. देवाच्या जनावराला उन्हात राखणीला धाडायची रीत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. सरुबाईने, देवाचं जनावर बोलत बी न्हाय, एवढं सांगून त्याच्या हातात काठी दिली.

पुढच्या फाल्गुनात मेंढरं पुन्हा आप्पासाहेबांच्याच रानात बसली. एका सकाळी उजाड बांधावर एक लांडगा उगाचच दिसेल असा उभा राहिला. कुत्री त्याच्या अंगावर धावून गेली. सरुबाईने बांधाकडे न बघता उलट्या अंगाला, सरीकडे पाहिलं. दुसरा तिथूनच निघाला होता, तोंडात कोकरू, मान ताठ. रावजी कुऱ्हाड घेऊन ओरडत मागे सुटला, दगड मारले, बिरोबाचं नाव घेतलं. लांडगा ओघळाच्या दिशेने, बोरीच्या जाळीकडे, पळत राहिला.

"आवं, थांबा," सरुबाईने हाळी दिली. ओघळापलीकडचा कुणीतरी माणूस थबकला. रावजीही थांबला.

"नेलं गं त्यानं," तो धापा टाकत म्हणाला. "लई हाका मारल्या, सोडलंच न्हाय."

"न्हाय ना सोडलं?" सरुबाई म्हणाली, आणि चुलीवरची भाकरी उलथली. "मग बरं झालं."